होस्ट गेला की रस्ता तुटला? स्टोरेज क्लस्टरमधल्या कनेक्टिव्हिटी वॉर्निंगचा माग

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना लागलं की इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही हे दोन आकडे पाठ असतात. पाणी चढत गेलं की प्रयाग चिखली, आंबेवाडीकडची वाट बंद होते. २०१९ ला आणि परत २०२१ ला तर शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली होता. तेव्हा बाहेरगावचे पाहुणे फोन करून एकच विचारायचे, "घर हाय का गेलं?" आणि कितीतरी घरं उंचावर शाबूत असायची, आत चूल पेटलेली असायची. बाहेर पडायला वाट तेवढी नसायची.

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाच्या पडद्यावर "हा होस्ट क्लस्टरमधल्या बाकीच्या होस्टशी बोलू शकत नाही" अशी पिवळी पट्टी येते (होस्ट म्हणजे एकेक सर्व्हर, क्लस्टर म्हणजे मिळून काम करणारा त्यांचा गट), तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो. घर गेलंय का वाट गेलीय? दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत. वाट गेलेली असताना घर गेलं समजून धावाधाव केली, तर शाबूत असलेला डेटा आपल्याच हातानं संकटात जातो. मी गेली काही वर्षं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांमधले असे सर्व्हर बघतो. ही वॉर्निंग दिसल्यावर भले भले लोक पहिल्या पाच मिनिटांत होस्ट रीस्टार्ट करून मोकळे होतात, आणि ते बघून माझा जीव वरखाली होतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी घरातली मांडणी

पूर्वी सर्व्हर वेगळे आणि डेटा ठेवायची पेटी वेगळी असायची. आता बऱ्याच ठिकाणी ती पेटीच नसते. तीन-चार सर्व्हर असतात, प्रत्येकात आपापल्या डिस्क असतात, आणि सॉफ्टवेअर त्या सगळ्या डिस्क एकत्र करून एकच मोठं कोठार असल्यासारखं दाखवतं. व्हीएमवेअरचं व्हीसॅन २०१४ मध्ये आलं, ते याच जातीचं. (व्हीएमवेअर कंपनी २०२३ पासून ब्रॉडकॉमची आहे.) प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर सेफ नावाचं असंच कोठार चालवणारेही खूप आहेत, त्यामागचा विचार तोच. मी इथं मुख्यतः व्हीसॅनबद्दल बोलतो.

कारखान्याचा ईआरपी (उत्पादन, चलनं, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) एका व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे होस्टवर सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या संगणकात, चालतो असं धरा. त्या मशीनच्या डिस्कची एक प्रत पहिल्या होस्टवर, दुसरी प्रत दुसऱ्या होस्टवर, आणि तिसऱ्यावर एक छोटासा साक्षीदार. साक्षीदाराकडे डेटा नसतो, फक्त मत असतं. ईआरपीत कोणी चलन टाकलं की ते दोन्ही प्रतींवर उतरल्याशिवाय "झालं" असं उत्तर जात नाही. एक होस्ट पडला तर उरलेली प्रत आणि साक्षीदार मिळून तीनपैकी दोन मतं होतात, अर्ध्याहून जास्त, म्हणून काम चालू राहतं.

साक्षीदार कशाला, असं पोरं हमखास विचारतात. होस्ट बंद पडण्यापुरता विचार केला तर त्याची गरज कळत नाही. ती कळते मधला रस्ता तुटल्यावर. दोन्ही प्रती जिवंत आहेत, पण एकमेकींना दिसत नाहीत. साक्षीदार नसेल तर दोघीही स्वतःला खरी समजून लिहीत सुटतील, आणि सकाळी दोन वेगवेगळ्या चोपड्या हातात येतील. साक्षीदार ज्या बाजूला राहिला त्या बाजूनं लिहायचं, दुसरीनं गप्प बसायचं, असा तो करार आहे.

दोन रस्ते आणि त्यावरून होणारा घोळ

प्रत्येक होस्टला किमान दोन रस्ते असतात. एक मॅनेजमेंटचा, त्यावरून व्हीसेंटर, म्हणजे सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्याची खबरबात घेतो. दुसरा स्टोरेजचा, त्यावरून होस्ट आपापसात डेटाच्या प्रती पाठवतात. हे दोन स्वतंत्र रस्ते आहेत, आणि बऱ्याच लोकांची पहिली चूक इथंच होते.

मॅनेजमेंटच्या रस्त्यावर होस्ट दर १० सेकंदांनी व्हीसेंटरला यूडीपीच्या ९०२ पोर्टवर (इथं पोर्ट म्हणजे ठरलेला दार-क्रमांक) "मी आहे" असं कळवतो. ६० सेकंदांत काहीच आलं नाही, तर व्हीसेंटर त्याच्या नावापुढं "नॉट रिस्पॉन्डिंग" लिहितो. याचा अर्थ एवढाच की व्हीसेंटरला त्याचा आवाज येत नाही. मधल्या फायरवॉलनं ९०२ अडवला असेल, होस्टवरची मॅनेजमेंट सेवा अडकली असेल. वरची व्हर्च्युअल मशीन बहुतेक वेळा मजेत चालू असतात. अशा वेळी कारखान्यात फोन करून "ईआरपी चालतोय का?" एवढं विचारलं तरी अर्धं निदान होतं.

स्टोरेजचा रस्ता तुटतो तेव्हा मामला गंभीर असतो, आणि गंमत म्हणजे तेव्हा व्हीसेंटरमध्ये होस्ट अगदी जोडलेला दिसू शकतो. तुमच्या लॅपटॉपवरून पिंग ("आहेस का?" विचारणारी छोटी चिठ्ठी) जातं, लॉगिन होतं, सगळं हिरवं. कारण तुम्ही मॅनेजमेंटच्या रस्त्यानं बघताय. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: क्लस्टरवर व्हीसॅन चालू असलं की एचए, म्हणजे मशीन पडलं तर दुसरीकडं उठवणारी सोय, तीसुद्धा आपल्या खुणा याच स्टोरेजच्या रस्त्यानं पाठवते. तो तुटला की तुटलेल्या होस्टवरची व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या होस्टवर उठू शकतात. ईआरपी दोन मिनिटं गेला आणि परत आला, अशी तक्रार आली तर मी आधी इकडं बघतो.

म्हणून वॉर्निंग वाचताना मी स्वतःला दोनच गोष्टी विचारतो. तक्रार कोण करतंय? आणि त्यानं कुठल्या रस्त्यानं बघितलं?

वहीतला चौकोन

चार होस्ट असतील तर मी वहीत चार ओळी आणि चार रकाने आखतो. स्वतःचा स्वतःशी रकाना सोडला तर बारा घरं उरतात. प्रत्येक होस्टवर शिरायचं आणि तिथून बाकीच्या तिघांना पिंग मारायचं. साधं पिंग नाही, होस्टवरची व्हीएमके-पिंग ही आज्ञा, आणि तेही स्टोरेजचं पोर्ट नाव घेऊन, म्हणजे पिंग त्याच रस्त्यानं बाहेर पडेल. पोर्टचं नाव न देता मारलं तर ते भलत्याच वाटेनं जाऊ शकतं आणि खोटं समाधान देतं. जमलं तिथं टिक, नाही तिथं फुली.

वीस मिनिटांचं काम आहे. पण फुल्यांचा आकार बघितला की रोग कळतो. तिसऱ्या होस्टची आख्खी ओळ आणि आख्खा रकाना फुल्यांनी भरला आणि बाकी सगळं ठीक असेल, तर भानगड तिसऱ्याच्या केबलीत, पोर्टात नाहीतर व्हीलॅनमध्ये (त्याच केबलींवर आखलेला वेगळा आभासी रस्ता) आहे. बाकीच्या तिघांना हात लावायचं कारण नाही. पहिला-दुसरा एकमेकांना दिसतात, तिसरा-चौथा एकमेकांना दिसतात, पण आडवं-तिडवं काही जात नाही असं असेल, तर होस्ट चारही निर्दोष आहेत आणि दोन स्विचमधला (स्विच म्हणजे होस्टच्या केबली जोडणारी पेटी) दुवा तुटलाय. बाराच्या बारा फुल्या असतील तर स्विच किंवा व्हीलॅनच मुळापासून गेलंय.

याच्या जोडीला प्रत्येक होस्टला विचारायचं की तुझ्या मते क्लस्टरमध्ये किती जण आहेत. त्यासाठी एक आज्ञा आहे, होस्टवरच्या ईएसएक्स-सीएलआय या आज्ञा-साधनातली "व्हीसॅन क्लस्टर गेट". ती सदस्यांची संख्या सांगते आणि हा होस्ट मास्टर (गटाचा प्रमुख) आहे, बॅकअप (उपप्रमुख) आहे की एजंट (साधा सदस्य), तेही सांगते. धड क्लस्टरमध्ये मास्टर एकच असतो. चार होस्टच्या उत्तरांत दोन मास्टर निघाले तर क्लस्टर फुटून दोन गट झालेत, हे पक्कं. "तीन" आणि "एक" अशी सदस्यसंख्या आली, तर एकटा कोण पडलाय तेही त्यातच कळतं.

पिंगमध्ये सगळ्या टिका आल्या आणि तरी एखादा होस्ट एकटाच मास्टर होऊन बसलाय, असंही होतं. पिंग म्हणजे फक्त दार वाजवणं. व्हीसॅनला यूडीपीचा १२३२१ आणि टीसीपीचा २२३३ असे पोर्ट मोकळे लागतात. पहिल्यावरून सदस्यत्वाची बोलणी होतात, दुसऱ्यावरून प्रत्यक्ष डेटा जातो. कोणीतरी सुरक्षा घट्ट करताना यातला एक बंद केला, की पिंग हसतमुखानं जातं आणि क्लस्टर फुटलेलाच राहतो.

"दादा, पिंग जातंय की!"

एका फौंड्रीतली गोष्ट सांगतो. चार होस्ट, दोन स्विच. शनिवारी एक जुना स्विच काढून नवा बसवला. रविवारी कारखाना सुट्टीवर, सगळं हिरवंगार. सोमवारी पहिली पाळी सुरू झाली आणि डिस्पॅचवाल्यांचा फोन, ईआरपी गुदमरतोय. पडद्यावर पिवळी पट्टी यायची आणि दोन मिनिटांत जायची.

सोबतच्या पोरानं बारा घरं भरली, बाराही टिका. "दादा, पिंग जातंय की!" म्हणाला.

"केवढं मारलंस?"

त्याला प्रश्नच कळला नाही. त्याचा दोष नाही, हे कोणी शिकवत नाही. साधं पिंग म्हणजे जेमतेम शंभर बाइटची चिठ्ठी. त्या क्लस्टरमध्ये स्टोरेजच्या रस्त्यावर एमटीयू ९००० ठेवला होता, म्हणजे एका खेपेत ९००० बाइटपर्यंतचा माल जाणार. हा आकडा वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर मान्य असावा लागतो: होस्टचं पोर्ट, आतला व्हर्च्युअल स्विच, बाहेरचा खरा स्विच. नवा स्विच मूळच्या १५०० वरच होता. उसाची भरलेली ट्रॉली बोळात घालायला गेलो तर अडकणारच, त्याच बोळातून सायकल मात्र आरामात जाते. पिंग म्हणजे ती सायकल.

मग मोठं पिंग मारलं. आकार ८९७२, आणि सोबत "तुकडे करू नको" अशी सूचना. आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब सरळ आहे: आयपीचा मथळा २० बाइट, पिंगचा स्वतःचा ८, एकूण २८. ८९७२ मध्ये २८ मिळवले की बरोबर ९०००. ज्यांचा एमटीयू १५०० आहे त्यांनी १४७२ नं बघावं. "तुकडे करू नको" हे सांगितलं नाही तर मोठा माल वाटेत फोडून छोट्या खेपांनी नेला जाऊ शकतो आणि परीक्षा फसते.

वही परत भरली. तिसऱ्याची ओळ आणि तिसऱ्याचा रकाना, सहा फुल्या.

तिसराच का? रॅकच्या मागं बॅटरी घेऊन वाकलो तेव्हा दिसलं. प्रत्येक होस्टला दोन केबली, एक चालू वापराची, एक राखीव. बाकी तिघांची चालू केबल न बदललेल्या दुसऱ्या स्विचला होती. स्विच बदलताना तिसऱ्याच्या दोन केबली उलटसुलट बसल्या होत्या, त्यामुळं त्याचा सगळा डेटा नव्या स्विचमधून जात होता. राखीव केबलीनं आपणहून काम का हाती घेतलं नाही? कारण चालू पोर्टाचा दिवा हिरवाच होता. केबल तुटली, दिवा विझला, तरच सहसा राखीव पुढं येते. मोठा माल अडकतोय हे दिव्याला कळत नाही.

आम्ही स्विचला लगेच हात लावला नाही, काही स्विच एमटीयू बदलला की रीस्टार्ट मागतात. आधी तिसऱ्या होस्टचा स्टोरेजचा वापर दुसऱ्या केबलीवर वळवला. मोठं पिंग लगेच सुरू झालं. नव्या स्विचचा एमटीयू दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत वाढवला.

फौंड्रीवाल्यांसाठी खास सांगायचं तर, मोल्डिंगची काळी बारीक वाळू सर्व्हर रूममध्येही पोचते. फायबरच्या टोकावर तिचा एक कण बसला तरी पॅकेट खराब होतात. स्विचवर त्या पोर्टाचा सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत खराब झालेल्या पॅकेटांचा, आकडा बघा. दहा मिनिटांच्या अंतरानं दोनदा बघा. वाढत असेल तर टोक साफ करायचं, नाहीतर केबल बदलायची.

रीस्टार्टच्या बटणावर बोट ठेवण्याआधी

आता सगळ्यात महत्त्वाचं. होस्ट दिसेनासा झाला की व्हीसॅन त्याच्यावरच्या प्रतींना "गैरहजर" म्हणतं. डिस्कच मेली असेल तर तिला "निकामी" म्हणतं. निकामी प्रतीच्या जागी नवी बनवायला ते ताबडतोब लागतं. गैरहजर प्रतीची मात्र वाट बघतं, मूळ सेटिंगप्रमाणे ६० मिनिटं. परत येईल, उगाच सगळा डेटा नव्यानं का ओढा, असा तो समंजसपणा. (सेफमध्ये हीच मुदत मुळात १० मिनिटांची असते.) होस्ट तासाभरात परतला तर फक्त मधल्या काळात बदललेलं तेवढं उतरवून घेतो. नाही आला तर मोकळ्या होस्टवर नवी प्रत बनू लागते. तीनच होस्टचा क्लस्टर असेल तर मोकळा होस्ट नसतोच. तिथं तो तुटलेला होस्ट परत येईपर्यंत तुम्ही एका पायावर उभे असता.

आणि त्याच वेळी माणूस चूक करतो. समजा अशाच तीन होस्टच्या क्लस्टरमध्ये रात्री १० वाजता पहिल्या होस्टचा रस्ता तुटला. ईआरपीची प्रत पहिल्यावर आणि दुसऱ्यावर, साक्षीदार तिसऱ्यावर. दुसरा आणि तिसरा मिळून काम चालू ठेवतात. रात्रपाळीची उत्पादनं, चलनं, सगळं फक्त दुसऱ्या होस्टवरच्या प्रतीत लिहिलं जातंय. पहिल्यावरची प्रत १० वाजताच थांबलेली. पहाटे २ ला कोणीतरी येतं आणि "वॉर्निंग जात नाही, एकेक करून सगळे रीस्टार्ट करू" म्हणत दुसरा होस्ट बंद करतं. तेवढ्यात पहिल्याचा रस्ता जोडला गेला, तरी काही उपयोग नाही. त्याची चोपडी चार तास शिळी आहे, व्हीसॅनला ते माहीत आहे, आणि ते शिळ्या चोपडीवर लिहायला नकार देतं. ईआरपी ठप्प. दुसरा होस्ट नीट उठला तर वाचलात. उठताना त्याची डिस्क गेली, तर ती चार तासांची नोंद बॅकअपमधूनही मिळणार नाही, कारण बॅकअप संध्याकाळचा.

म्हणून तुटलेल्या अवस्थेत चालू होस्ट रीस्टार्ट करायचा नाही, मेंटेनन्स मोडमध्ये (दुरुस्तीसाठी कामातून बाजूला) टाकायचा नाही, त्याच्या डिस्क काढायच्या नाहीत. आधी रस्ता. वरिष्ठांचा कितीही तगादा असू दे, एवढं मात्र ठाम राहून सांगा.

पट्टी खोटी असते तेव्हा

रस्ता नीट झाला, वहीत सगळ्या टिका, सदस्यसंख्या चारही ठिकाणी चार, मास्टर एकच, तरी होस्टच्या पानावर पिवळी पट्टी तशीच, असं होतं. आधी हेल्थच्या पानावर जाऊन तपासणी पुन्हा चालवा. तिथं हिरवं आलं आणि पट्टी तरीही हटली नाही, तर ती जुनी खूण उरलेली असते. त्या होस्टवरच्या होस्ट-डी आणि व्हीपीएक्स-ए या दोनच मॅनेजमेंट सेवा परत सुरू केल्या की ती सहसा जाते. वरची व्हर्च्युअल मशीन त्यानं थांबत नाहीत.

एक प्रकार मात्र फसवा आहे. २०१७ मध्ये आलेल्या ६.६ आवृत्तीपासून व्हीसॅननं मल्टिकास्ट सोडला. त्याआधी होस्ट हाळी देऊन एकमेकांना शोधायचे, आणि स्विचवर मल्टिकास्टची मांडणी चुकली की क्लस्टर फुटायचा. आता प्रत्येक होस्टकडे बाकीच्यांच्या पत्त्यांची यादी असते आणि ती यादी व्हीसेंटर पुरवतो. चार होस्ट असतील तर प्रत्येकाच्या यादीत तीन नावं हवीत, स्वतःचं सोडून. व्हीसेंटर बिघडला म्हणून कोणी महिन्यापूर्वीच्या बॅकअपमधून उठवला, आणि मधल्या काळात चौथा होस्ट जोडला गेला होता, तर त्या व्हीसेंटरच्या लेखी होस्ट तीनच. तो तीनचीच यादी सगळ्यांना वाटतो आणि केबल, स्विच, एमटीयू सगळं ठणठणीत असताना चौथा बाहेर पडतो. पिंगच्या टिका आहेत, पोर्ट मोकळे आहेत, तरी एक जण एकटा, असं दिसलं तर "युनिकास्ट एजंट" ची यादी प्रत्येक होस्टवर काढून बघा. जुना व्हीसेंटर उठवण्याआधी होस्टवर "इग्नोर क्लस्टर मेंबर लिस्ट अपडेट्स" हे सेटिंग १ करून ठेवायचं, म्हणजे ते नवी यादी स्वीकारत नाहीत. व्हीसेंटरमधली माहिती दुरुस्त झाली की आठवणीनं परत ० करायचं. हे ० करायचं राहून गेलेले क्लस्टर मी बघितलेत. पुढं पाचवा होस्ट जोडताना ते त्रास देतात.

त्या फौंड्रीत तिसऱ्या होस्टच्या मागं पडलेल्या प्रती सारख्या व्हायला संध्याकाळ झाली. रीसिंकचा उरलेला आकडा शून्यावर येईपर्यंत आम्ही कशालाच हात लावला नाही. शून्य झाल्यावर पोरानं वहीत नवा चौकोन आखला आणि ८९७२ नं बाराही घरं परत भरली. खाली तारीख, दोन्ही स्विचचे एमटीयू, आणि कुठल्या होस्टची कुठली केबल कुठल्या पोर्टात, हे लिहिलं. त्या पानाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रॅकच्या दाराला आतून चिकटवली. वाळू बसू नये म्हणून पिशवी.